डी ड्राइव्ह वगळून

औरंगाबाद, सोमवार, ४ एप्रिल २०१६

आदरणीय व्यंकटराव सर यांस,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होतो. पण मनस्विनीताई म्हणाल्या की बाबांनी कानाची दोन्ही यंत्रं खणात टाकून दिली आहेत, काही बोलायचं असेल तर मेल कर. माझ्या घरच्या पत्त्यावरून करतोय, ऑफिसच्या नाही.

रिटायर झाल्यावर नाशिक मानवलं का? पुंडलिकनगरातल्या तुमच्या घरावरून रोज जातो. कुलूप जागेवर आहे. शेजारच्या दोन प्लॉटवर सहा मजली बिल्डिंग उभी राहिली. बोअर घेतलं तर नुसती धूळ निघाली, आता तेही टँकर आपल्या ऑफिसाकडंच मागतात. गावांच्या खेपा कमी करता येत नाहीत आणि शहराच्या वाढतच चालल्यात. सध्या शहाण्णव गाड्या फिरतात. तुमच्या २०१३ च्या दुष्काळात एकसष्ट होत्या, आठवतं?

कामाचं विचारायचं होतं. मार्चमध्ये सर्व्हरचा डी ड्राइव्ह भरला म्हणून खेपांचं रजिस्टर मी नव्या ई ड्राइव्हवर नेलं. खेपांचे रोजचे तक्ते, जे सगळे ऑपरेटर उघडतात, ते डी वरच ठेवले. तेव्हापासून सर्व्हर दम खातोय. एक नोंद जतन व्हायला मिनिट लागतं, आणि खिडकीबाहेर ड्रायव्हर चिठ्ठीसाठी ताटकळतात. शेवटी कारण सापडलं. अँटिव्हायरस दर नोंदीला रजिस्टरची अख्खी फाइल तपासतो. डेटाबेसवाल्यांनी कागद पाठवला, त्यात कोणत्या फाइली तपासणीतून वगळायच्या ते दिलंय. त्याप्रमाणं एक्सक्लूजन घालायला अँटिव्हायरसचा कन्सोल उघडला, जिथून सगळ्या संगणकांचे नियम ठरतात, तर यादीत आधीपासून एक ओळ होती. अख्खा डी ड्राइव्ह वगळलेला. तारीख ९ मार्च २०१३, शेरा ‘टेम्प’, म्हणजे तात्पुरती, लागू ‘सर्व संगणक’. ही कुणी घातली? काढू का?

आणखी एक. कोपऱ्यातलं पेनड्राइव्ह तपासायचं मशीन मी दहा दिवसांपूर्वी बंद केलं. ड्रायव्हर दुपारी गाडीच्या जीपीएसची नोंद पेनड्राइव्हवर आणतात, आधी त्या एका मशीनला लावायची आणि मग ऑपरेटरकडं, ही तुमची पद्धत साठ गाड्यांना ठीक होती. आता रांग गेटपर्यंत जायला लागली होती. प्रत्येक संगणकात अँटिव्हायरस आहेच की.

आमची रत्नमालाताई मजेत आहे. चिकलठाण्याला पॅकिंगमध्ये जाते, मुकुंदवाडीतच राहते. संगणकाचं नाव काढू देत नाही. मोबाइलवरचा साधा मेसेजही माझ्याकडून दोनदा वाचून घेते, आम्ही हसतो तिला. तिला इथून काढलं आणि दोनच महिन्यांत तुम्ही मला बोलावून तिच्याच ऑफिसात लावलंत, आम्ही बहीणभाऊ असल्याचं मॅनेजर काकासाहेबांना कळू न देता. मेंढ्या राखणाऱ्या कडूबाच्या पोरासाठी एवढं कोण करतं? घरात तुमचं नाव निघालं की आई अजून हात जोडते.

आपला,
बिभीषण

नाशिक, मंगळवार, ५ एप्रिल

चि. बिभीषण यास अनेक आशीर्वाद.

कानाची यंत्रं खणात आहेत हे खरं. ती घातली की मिक्सर, टीव्ही आणि जावई तिघेही एकदम ऐकू येतात. त्यापेक्षा बहिरेपण परवडलं.

रजिस्टरच्या फाइली वगळ, पण अगदी नेमक्या. फक्त सर्व्हरच्या गटाला लागू कर. अख्खा ई ड्राइव्ह वगळू नकोस. घाईत माणसाचा हात सैल सुटतो आणि दोन फाइलींऐवजी सगळं घरच मोकळं होतं.

जुन्या ओळीचं म्हणशील तर कोणी घातली ते आठवत नाही. त्या वेळी अँटिव्हायरस कंपनीचा माणूस येत असे, त्याचं काम असावं. तिला आत्ता हात लावू नकोस. मी भिंतीवर चिकटवलेला कागद अजून असेल तर वाच: टँकरच्या हंगामात यंत्रणेला हात लावायचा नाही. ३० जूनला हंगाम संपला की काढून टाक. मला कळवण्याचीही गरज नाही.

मात्र कोपऱ्यातलं मशीन परत लाव. आजच लाव. रांग लागली तर लागू दे.

नाशकात बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहे असं वाटेल तुला, पण ऐक.

तुझा,
व्यंकटराव

औरंगाबाद, शुक्रवार, ८ एप्रिल

आदरणीय सर,

पाडव्याचा नमस्कार. टँकरला सुट्टी नाही, म्हणून ऑफिसातल्या गुढीलाच हात जोडले.

तुम्ही सांगितलं तसं एक्सक्लूजन दिलं. फक्त सर्व्हर, फक्त रजिस्टरच्या फाइली. सर्व्हर पुन्हा पळायला लागला. काकासाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, ते मॅनेजर झाल्यापासून पहिल्यांदाच म्हणे. जुनी ओळ तुमच्या शब्दाखातर तशीच ठेवली. खरं तर रजिस्टर ई वर गेल्यावर तिचं तिथं काहीच काम उरलं नाही.

मशीनचं मात्र जमलं नाही. त्या कोपऱ्यात आता प्यायच्या पाण्याचा जार आहे. ड्रायव्हर खूश आहेत. सांडू म्हणाला, “लई बरं झालं सायेब. दुसऱ्यांला पानी पोचवायचं आन् आपण उन्हात कोरडं उभं राह्यचं, ह्ये काय खरं नव्हतं.” दुपारचं काम दीड तास आधी उरकतं. तुमची शिस्त मोडली म्हणून राग मानू नका.

आपला,
बिभीषण

नाशिक, शनिवार, ९ एप्रिल

बिभीषण,

जार हलव आणि मशीन लाव.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे मागतो आहे. कारण विचारू नकोस. झालं की एका ओळीचा मेल टाक, म्हणजे मला चैन पडेल.

व्यंकटराव

औरंगाबाद, बुधवार, १३ एप्रिल, सायंकाळी ६

सर,

तुमचा शनिवारचा मेल मी वाचला होता आणि म्हातारपणीचा हेका म्हणून बाजूला ठेवला होता. हे आधी कबूल करतो.

आज सकाळी अकराला अंबिका नावाच्या ऑपरेटरनं सांडूचा पेनड्राइव्ह लावला. ती जानेवारीत लागली आहे. दहा मिनिटांत सगळ्यांचे तक्ते उघडेनात. फाइलींची नावं बदललेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीतली धमकी, कुलूप काढून हवं असेल तर पैसे टाका. मी धावत जाऊन सर्व्हरची केबल उपटली. रजिस्टर वाचलं, कारण त्याला मी वेगळं बसवलं होतं आणि बॅकअपची डिस्क रोज दुपारी काढून कपाटात ठेवतो. पण डी वरचे तक्ते गेले. कोणती गाडी कुठं भरते आणि कोणत्या वस्तीवर ओतते, हे आम्ही एकेका ड्रायव्हरला फोन करून हातानं लिहून काढतोय. चाळीस गाड्या उभ्याच राहिल्या.

दुपारी आईचा फोन आला. “आज टँकर नाय आला रे. मेंढरं टाकीपाशी उभी हायेत, हाकलली तरी हालंनात.” मी तिला काय सांगणार?

काकासाहेबांनी अंबिकाला केबिनमध्ये उभं केलं. ती रडत एकच सांगत होती, “सर, मी बघत होते. अँटिव्हायरसची लाल खिडकी आलीच नाही.” काकासाहेब म्हणाले, आली असणार, तू बंद केली असशील. सर, २०१३ मध्ये ताई घरी येऊन हेच सांगत होती. हेच शब्द.

म्हणून मी अंबिकाच्या संगणकावर बसलो आणि नवा कोरा पेनड्राइव्ह लावला. तिच्या संगणकाला एकच सी ड्राइव्ह आहे. पेनड्राइव्हला पुढचं अक्षर मिळतं, म्हणजे डी. बावीसच्या बावीस संगणकांवर तसंच. ती जुनी ओळ सर्व्हरच्या डी साठी घातली असेल, पण लागू केली सर्वांना. म्हणजे तीन वर्षं या ऑफिसात आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह तपासणीतून वगळलेला होता. लाल खिडकी येणारच नव्हती. अंबिकालाही नाही आणि ताईलाही नाही.

कोपऱ्यातल्या मशीनला मात्र दोन ड्राइव्ह होते. तिथं पेनड्राइव्हला ई अक्षर मिळायचं आणि तपासणी व्हायची. ते मशीन कधी बसवलं ते तुमच्याच जुन्या वहीत सापडलं. २२ एप्रिल २०१३. ताईला त्या वर्षीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं, त्यानंतर दहा दिवसांनी.

सर, तुम्हाला माहीत होतं का?

बिभीषण

औरंगाबाद, शुक्रवार, १५ एप्रिल

सर,

दोन दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. मनस्विनीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बाबांनी मेल वाचला, जेवले नाहीत, गॅलरीत बसून आहेत.

सोमवारी अकराला चौकशी आहे. काकासाहेबांनी माझ्याकडून रिपोर्ट मागितलाय. म्हणाले, “डोकं खाजवू नको. त्या रत्नमालाच्या वेळी व्यंकटरावांनी एक नंबर रिपोर्ट लिहून दिला होता, तो काढ आणि नाव बदल.” ती माझी सख्खी बहीण आहे हे त्यांना आजही ठाऊक नाही. मी फाइल काढली. तुमची सही आहे खाली. ‘अँटिव्हायरसने धोक्याचा इशारा दिला होता. ऑपरेटरने दुर्लक्ष केले.’ इशारा दिला होता असं लिहिलंय सर, आणि पहिल्या ओळीत ताईचं नाव.

मी तो कागद तीनदा वाचला. आधी वाटलं की तुम्हाला तेव्हा माहीत नसेल. मग मशीनची तारीख आठवली.

काल गावी जाऊन आलो. सगळं बापाला सांगितलं, संगणक वगैरे त्याला कळावा अशा भाषेत. मेंढ्यांभोवती जाळीची वाघूर लावली, बाहेर कुत्रं सोडलं, आणि कुत्र्याला कुणीतरी आधीच गप करून ठेवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वळखीच्या मानसावर भुकू नको, एवढं कुत्र्याला शिकवावं लागतं. त्याला झोपवायचं नसतं. आन् मेंढरू गेलं तर जाब राखणाऱ्याला इचारायचा का झोपवणाऱ्याला?”

ताई झोपवणारी नव्हती. अंबिकाही नाही. पण मीही साव नाही. ओळ मला ४ एप्रिललाच दिसली होती, मशीन मी स्वतः उचललं, आणि नऊ दिवस तुमच्या शब्दावर गप्प बसलो. खरं लिहिलं तर माझीही नोकरी जाईल. खोटं लिहिलं तर फक्त एक नाव बदलायचंय. अंबिकाचा बाप उस्मानपुऱ्यात रिक्षा चालवतो, घरात तिचा एकटीचा कायमचा पगार आहे. बुधवारपासून ती माझ्याकडं बघते आणि मी संगणकाकडं बघतो.

सोमवारच्या आत उत्तर द्या. नाही दिलंत तर तेही मी उत्तरच समजेन.

बिभीषण

नाशिक, शनिवार, १६ एप्रिल

बिभीषण,

माहीत होतं.

काल दिवसभर दुसरंच पत्र लिहीत होतो. त्यात दुष्काळ होता, कामाचा रेटा होता, अँटिव्हायरस कंपनीचा माणूसही होता. वाचून पाहिलं तर तुझ्या हातातल्या रिपोर्टचाच धाकटा भाऊ वाटला, म्हणून पुसलं.

९ मार्च २०१३ ला सकाळी साडेआठ वाजता सर्व्हर असाच अडला होता. गेटबाहेर एकसष्ट टँकर उभे होते, आणि एका गावाहून फोन आला की बाया आडात उतरायला लागल्या आहेत. मी कन्सोल उघडला. नेमक्या फाइली शोधायला अर्धा तास लागला असता. मी अख्खा डी ड्राइव्ह वगळला, ‘सर्व संगणक’ हे आधीच निवडलेलं होतं ते बदललं नाही, आणि शेऱ्यात ‘टेम्प’ लिहिलं. तीन मिनिटांचं काम. गाड्या सुटल्या. त्या दिवशी काकासाहेबांनी पेढे मागवले होते. ती चूक होती, पण तिची मला लाज नाही. पाणी पोचलं.

लाज पुढची आहे. २ एप्रिलला रत्नमालाच्या संगणकातून व्हायरस शिरला. ती म्हणाली, खिडकी आली नाही. तिला घरी पाठवून मी यादी उघडली आणि पाच मिनिटांत सगळं कळलं. ओळ काढली असती तर काढल्याची तारीख नोंदली गेली असती, आणि चौकशीत कोणीतरी विचारलं असतं की हे आजच का काढलं. मला रिटायर व्हायला अडीच वर्षं होती. पस्तीस वर्षांत माझ्या नावावर एक बोट कोणी ठेवलं नव्हतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी ओळ ठेवली आणि रिपोर्ट लिहिला. रत्नमाला रिपोर्ट वाचून माझ्या टेबलाशी आली होती. “सर, खरंच नाही आली,” म्हणाली. मी म्हणालो, “आली असेल गं. तुला दिसली नसेल.” फार मायेने म्हणालो.

ते कोपऱ्यातलं मशीन म्हणजे शिस्त नव्हती, बिभीषण. फाटक्या जागी लावलेलं ठिगळ होतं, आणि तुम्ही सगळे त्याला माझी शिस्त म्हणून मान देत आलात.

आणि तू. हुशार होतास, आहेस. पण मी तुला बोलावलं ते हुशारीसाठी नाही. एका घरातून काढलेली भाकरी त्याच घरात परत ठेवली की बरोबरी होते, असं स्वतःला पटवलं होतं. तुझी आई हात जोडते हे तू दर वेळी सांगतोस. तेवढी ओळ मी गाळून वाचतो.

सोबत काकासाहेबांच्या नावे माझं सही केलेलं निवेदन आहे. मनस्विनीने स्कॅन करून दिलं. वाचून ती माझ्याशी बोललेली नाही. सोमवारी पहाटेच्या बसने मी येतो आहे, कानाची यंत्रं घालून. तू तुझ्या वाट्याचं लिही. माझ्या वाट्याचं सोसू नकोस, आणि झाकूही नकोस.

व्यंकटराव

औरंगाबाद, मंगळवार, १९ एप्रिल

सर,

काल तुम्ही निवेदन वाचून दाखवलंत आणि काकासाहेबांनी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं. त्यानंतर आत काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही न भेटता परत गेलात. स्टँडवर बघून आलो मी, तोवर नाशिकची गाडी सुटली होती.

अंबिका राहिली. तिच्या नावावर काही नाही. मला लेखी समज मिळाली आणि तीन महिने कन्सोलचा पासवर्ड काढून घेतलाय. हे मला मान्य आहे, मी लिहूनच दिलं होतं तसं. जुनी ओळ काढली. ती काकासाहेबांनी माझ्याकडून स्वतःसमोर काढून घेतली, हंगाम चालू असताना. भिंतीवरचा कागदही फाडला.

मग मी म्हणालो, २०१३ चा रिपोर्टही रद्द करा. ते म्हणाले, “मेलेलं मढं कशाला उकरतो? ती बाई कुठं असंल ते कुणाला ठावं.” मी म्हणालो, “मुकुंदवाडीत राहते. माझी सख्खी बहीण हाय.”

अंबिकानं तोंडावर हात धरला. काकासाहेबांनी फाइल मागवली, तुमच्या रिपोर्टवर आडवी रेघ मारून ‘हा रिपोर्ट चुकीचा आहे, सोबतचे निवेदन पाहावे’ असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्याची एक प्रत माझ्याकडं आहे.

ताईला मी अजून काही सांगितलेलं नाही. बापालाही गप्प राहायला सांगितलंय. ती प्रत आज कुरिअरनं तुमच्याकडं पाठवतोय. ती तिच्या हाती तुम्ही द्यायची. तिला मेल नाही, कागदावर लिहा. पत्ता पाकिटात आहे.

तुमच्यावर राग आहे का, असं मनस्विनीताईंनी विचारलं. आहे. पण काल त्या दारातून तुम्ही आत आलात तेव्हा मी उभा राहिलो. पाय आपोआप उठले. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बिभीषण

नाशिक, २३ एप्रिल २०१६

सौ. रत्नमाला हिस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची सवय आहे. हात थांबला, म्हणून नाही लिहिला.

सोबत दोन कागद आहेत. पहिला म्हणजे माझा जुना रिपोर्ट, आता रद्द झालेला. दुसरा म्हणजे माझं निवेदन. ते निवांत वाच. त्याचं सार एका ओळीत सांगतो. २ एप्रिल २०१३ ला तुझ्या संगणकाने कोणताही इशारा दिला नव्हता. तो देऊच शकत नव्हता, कारण मी त्याला पेनड्राइव्हकडे बघू नको असं आधीच सांगून ठेवलं होतं. चुकून सांगितलं होतं. पण तू माझ्या टेबलाशी आलीस तेव्हा मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी तुला दिसली नसेल असं म्हणालो.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे ओझंही तुझ्याच डोक्यावर येईल. तू काही करावंस असं नाही. उत्तरही नको.

व्यंकटराव

मुकुंदवाडी, २ मे २०१६

व्यंकटराव सर यांना रत्नमालाचा नमस्कार.

पत्र मिळालं. आधी बिभीषणकडून वाचून घेतलं, मग त्याला बाहेर बसवलं आणि माझं मी वाचलं. पहिल्यांदाच एकदा वाचून ठेवून दिलं, दुसऱ्यांदा नाही वाचलं.

तुम्हाला वाटत असेल मला नोकरीचं वाईट वाटलं. वाटलं तर खरंच. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. गावात आई सगळ्यांना सांगत फिरायची आणि मग तिलाच सांगावं लागलं की पोरीला काढलं. पण हात चालतात तोवर काम मिळतं. पॅकिंगमध्ये मिळालं.

मला त्रास झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. तुम्ही म्हणालात, तुला दिसली नसेल. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. तुम्ही म्हणालात म्हणून मला वाटलं, असेल. नंतरच्या आठवड्यात उस्मानपुऱ्यात जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, नंबर नाही. मी म्हटलं नीट बघा, मला समोरचं दिसत नाही कधी कधी. त्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच सांगितलं. मी बाहेरून साध्या काचेचा चष्मा घेतला आणि वर्षभर लावला. मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागले. पॅकिंगमध्ये दोनदा स्टोअरच्या नोंदीचं काम देत होते, संगणकावरचं. मी डोळ्यांचं कारण सांगून नाही म्हटलं. रस्ता ओलांडताना एकीकडं दोनदा बघते, पोरगी हसते मला. तीन वर्षं मी माझ्याच डोळ्यांवर नजर ठेवून होते.

बिभीषणला नोकरी लावलीत ते त्याच्या कामाला आलं, ते तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. माफी मागितली नाहीत हे बरं केलंत. मी दिली नसती. पुढं कधी देईन का ते आज सांगता येत नाही.

आज सकाळी सुपरवायझरला सांगितलं की स्टोअरचं काम अजून रिकामं असेल तर मी करते. त्यांनी लगेच बसवलं. संगणक चालू केला. खालच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी आली, काहीतरी अपडेट करायचं होतं. आली तशी मला दिसली. मी ती पूर्ण वाचली आणि मगच बंद केली.

त्या दिवशीही मी स्क्रीनकडंच बघत होते, सर.

रत्नमाला